खेळातली हिंसा : एका कबड्डी पंचाचे उत्तर

अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत मल्लाने पंचाला लाथ मारल्याचे दृश्य किशोर गटात कबड्डी खेळणाऱ्या आपल्या मुलाने पाहिले, पुढे तीच चित्रफीत तो मित्रांना कौतुकाने दाखवू लागला आणि त्यावरून घरात वाद झाला, असे भांडुपच्या एका पालकांनी कळवले आहे. व्यावसायिक खेळ अधिकाधिक हिंसक होत चालले आहेत का, तसे असेल तर त्यावरून आपल्या समाजाविषयी काय समजते, आणि मुलाला अंगाला अंग भिडणाऱ्या खेळात ठेवावे की नाही, असे त्यांनी विचारले आहे. मुंबईत मी आधी मातीच्या मैदानांवर आणि नंतर मॅटवर अनेक वर्षे पंच म्हणून उभा राहिलो आहे. त्यामुळे माझे उत्तर मैदानाच्या रेषेवरून जे दिसते त्यावर आधारलेले आहे.

समाज हिंसक झाला म्हणून खेळ हिंसक झाला, हे वाक्य बातम्यांच्या चर्चेत वरचेवर ऐकू येते. ते मला पटत नाही. ते खरे असते तर सर्वांत शांत समाजांचे खेळ सर्वांत सौम्य असायला हवे होते. आपल्याकडून कॅनडात गेलेली मुले तिथल्या लोकांच्या सौजन्याचे कौतुक करताना थकत नाहीत. त्याच कॅनडाच्या लाडक्या बर्फावरच्या हॉकीत, म्हणजे कॅनडा आणि अमेरिकेतल्या संघांच्या एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये, दोन खेळाडू हातमोजे फेकून एकमेकांना ठोसे मारू लागले तर त्यांना ५ मिनिटे बाहेर बसवतात आणि मग पुन्हा खेळायला सोडतात. तेच ठोसे त्याच शहरात स्टेडियमबाहेरच्या रस्त्यावर मारले तर पोलिस येतात. माणसे तीच, राग तोच, फरक पडतो तो कोणी काय केलेले चालवून घ्यायचे याबद्दलच्या सार्वजनिक समजुतीत. म्हणून खेळातल्या हिंसेवरून समाजाविषयी काही समजून घ्यायचे असेल तर माझा सल्ला असा की फटक्याकडे कमी आणि फटक्यानंतर काय घडते त्याकडे जास्त पाहावे : शिक्षा कोणाला होते, किती होते, पैसे कोणाचे जातात आणि दोष शेवटी कोणाच्या माथी मारला जातो.

त्याआधी एक भेद नीट समजून घ्यायला हवा, कारण पालकांच्या मनातला निम्मा गोंधळ तिथेच असतो. कबड्डीत जोर लागणारच. चढाईपटू मध्यरेषा ओलांडून आत येतो, कोपऱ्यावरचा बचावपटू त्याचा घोटा धरतो, शेजारचा मांडीला मिठी मारतो आणि क्षणात उरलेले सगळे त्याच्या अंगावर कोसळतात. तेव्हा पंचाला वरून नुसत्या पाठी दिसतात. त्या ढिगाखाली काय चालले आहे ते कळावे म्हणून पंच गुडघ्यांत वाकतो आणि चेहऱ्यांकडे न पाहता हातांकडे पाहतो, कारण चेहरे सगळ्यांचेच वेदनेने वेडेवाकडे झालेले असतात, पण हात खोटे बोलत नाहीत. कमरेभोवती आवळलेला हात हा खेळ आहे. चढाईपटूचा दम तुटावा म्हणून त्याच्या तोंडावर दाबलेला तळवा, गळ्याभोवती गेलेला हात, पायांची कैची, इजा व्हावी म्हणूनच केलेली पकड, हे सगळे नियमांनी निषिद्ध ठरवलेले आहे आणि त्यासाठी आमच्या खिशात तीन कार्डे असतात : हिरवे म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे २ मिनिटे बाहेर, लाल म्हणजे तो सामना संपला. माझ्या अनुभवात खरी दुष्ट कृत्ये शिट्टी वाजण्याआधी फारशी होत नाहीत. शिट्टी वाजल्यावर, गुण ठरल्यावर, माणसे एकमेकांवरून उठत असताना होतात. उठता उठता गुडघा बरगडीत टेकवणे, पडलेल्याच्या बोटांवर पाय देणे, कानाशी काहीतरी पुटपुटणे. नवा पंच शिट्टी वाजवली की गुणलेखकाकडे वळतो. जुना पंच गुण बोटांनी दाखवतो, पण नजर ढिगावरून हटवत नाही.

कायद्यालाही हा भेद पूर्वीपासून माहीत आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम ८७ संमतीने झालेल्या इजेविषयी होते. तेच आता भारतीय न्याय संहितेत कलम २५ म्हणून आले आहे. त्याखाली दिलेले उदाहरण खेळाचेच आहे : दोघेजण करमणूक म्हणून तलवारबाजी खेळायचे ठरवतात, याचा अर्थ खेळताना लबाडी न करता जी इजा होईल ती सोसायला दोघांची संमती आहे, आणि नियमाने खेळताना एकाने दुसऱ्याला दुखापत केली तर तो गुन्हा नाही. म्हणजे मैदानात उतरणारा खेळाडू नियमातल्या माराला संमती देतो, नियमाबाहेरच्या माराला देत नाही. या कलमातली संमती १८ वर्षांवरील माणसाची आहे, ही गोष्ट क्लबांचे पदाधिकारी सोयीस्करपणे विसरतात. तिच्याकडे मी शेवटी येईन.

आता मूळ मुद्दा. मैदानावर हिंसेचा भडका कधी उडतो, याचे माझे निरीक्षण असे आहे की नुसत्या पराभवाने तो सहसा उडत नाही. संशयास्पद निकाल आणि दाद मागायला जागा नसणे या दोन गोष्टी एकत्र आल्या की उडतो. मुंबईनेच याचा धडा फार लवकर घेतला होता. नोव्हेंबर १९६९ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत भारताचा डाव घसरत असताना वेंकटराघवन यष्टिरक्षकाकडे झेलबाद दिला गेला. स्टँडमधल्या असंख्य लोकांच्या कानाला ट्रान्झिस्टर होते आणि रेडिओवरचे समालोचक सांगत होते की चेंडू बॅटला लागलाच नाही. हजारो लोकांनी एकाच क्षणी तेच ऐकले, पंच मात्र बोट वर करून उभा होता, आणि त्या निकालाविरुद्ध कुठेही जाता येत नव्हते. बाटल्या पडू लागल्या, स्टँडमध्ये आगी लागल्या, धूर मैदानावर आला. आज तिसरा पंच आहे, पुनर्विलोकन आहे. ती सोय खेळाडूंसाठी आहे असे आपण समजतो. माझ्या मते ती प्रेक्षकांसाठी आणि पंचांसाठीही तितकीच आहे.

दुसरे उदाहरण वानखेडेचे, जानेवारी १९७५ चे. स्टेडियम नवे कोरे, त्यातली ती पहिलीच कसोटी, समोर वेस्ट इंडिज. क्लाइव्ह लॉइडने द्विशतक पूर्ण केले तेव्हा एक तरुण त्याचे अभिनंदन करायला मैदानात धावला आणि पोलिसांनी सगळ्यांच्या देखत त्याला बडवले. मग प्रेक्षक बिथरले आणि खेळ थांबवावा लागला. यात पंचाचा निकाल नव्हता, भारत-पाकिस्तान नव्हते, दारू किंवा जुगारही नव्हता. आपल्यातल्याच एका पोराला, तेही पाहुण्याचे कौतुक केल्याबद्दल, मारलेले लोकांना सहन झाले नाही. दंगलीचे समर्थन करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण ती बातमी केवळ ‘प्रेक्षकांचा धुडगूस’ म्हणून सांगितली तर तिच्यातली पहिली काठी गाळली जाते.

ही पहिली काठी गाळण्याची सवय जगभर आहे, आणि समाजाविषयी सर्वांत जास्त बोलते ती हीच सवय. १९८९ मध्ये इंग्लंडमधल्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीत जखमी झालेले ९७ लोक मरण पावले आणि पुढे अनेक वर्षे दारू प्यालेल्या, बेशिस्त प्रेक्षकांमुळेच हे घडले असे सांगितले गेले. २०१६ मध्ये चौकशीच्या ज्यूरीने हे मृत्यू बेकायदा ठरवले आणि प्रेक्षकांना दोषमुक्त केले. २०२२ मध्ये इंडोनेशियातल्या कंजुरुहान मैदानावर पोलिसांनी स्टँडमध्ये अश्रुधूर सोडला आणि दारांशी झालेल्या कोंडीत १३५ लोक दगावले. या घटनांना आपण सरसकट ‘फुटबॉलमधली हिंसा’ म्हणतो आणि त्यात खेळाडूंचा, खेळाचा किंवा प्रेक्षकांच्या रागाचा वाटा किती होता हे विचारत नाही. स्वस्त तिकिटात उभे राहणारा प्रेक्षक मुळातच संशयित असतो, ही समजूत मैदानावर तयार झालेली नाही. ती बाहेरून तिकीट काढून आत येते.

आता अहिल्यानगरकडे वळू. २ फेब्रुवारी २०२५ रोजी पृथ्वीराज मोहोळविरुद्धच्या लढतीत आपल्याला चितपट दिल्याचा निकाल शिवराज राक्षे याला मान्य नव्हता. पाठ पूर्ण टेकली नाही असे त्याचे म्हणणे होते, त्यावरून हुज्जत झाली आणि त्याने पंचाला लाथ मारली. त्याला ३ वर्षांची बंदी झाली. अंतिम लढतीत हरलेल्या महेंद्र गायकवाडवरही तेवढीच बंदी आली. पंच म्हणून माझी भूमिका स्पष्ट आहे : निकाल चूक असो वा बरोबर, पंचाच्या अंगावर पाय टाकणाऱ्याला सवलत नाही. पण त्याच वेळी हेही म्हटले पाहिजे की महाराष्ट्र केसरीची गदा एखाद्या मल्लाच्या आणि त्याच्या तालमीच्या अनेक वर्षांच्या खुराकाचा, कर्जाचा, घरच्यांच्या आशेचा हिशोब एका संध्याकाळी मिटवते. इतका मोठा हिशोब ज्या निकालावर अवलंबून आहे, त्या निकालावर वेळेत, समोरासमोर आणि सगळ्यांना दिसेल अशी दाद मागता आली पाहिजे. ती सोय करणे हे संयोजकांचे काम आहे, आणि ते झाले नाही की त्याची किंमत पंच पोटरीवर आणि मल्ल कारकिर्दीवर मोजतो.

उलट उदाहरणही आमच्याच खेळात आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत आणि इराण यांच्यातला पुरुषांचा अंतिम सामना २८-२८ असा बरोबरीत होता आणि जेमतेम मिनिटभराचा खेळ उरला होता. पवन सेहरावत चढाईत बाहेर गेला, त्याच्यामागे इराणचे बचावपटूही लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात, गेले, आणि जुना नियम लावायचा की नवा यावरून निकाल कधी इकडे तर कधी तिकडे झुकू लागला. जवळपास तासभर खेळ बंद होता. दोन्ही संघांचे खेळाडू मॅटवर बसून राहिले, प्रशिक्षकांनी अधिकाऱ्यांना घेरले, आरडाओरडा भरपूर झाला, पण कोणीही कोणावर हात उगारला नाही. शेवटी भारत ३३-२९ असा जिंकला. पंचांच्या दृष्टीने तो तास लाजिरवाणा होता, हे मी मान्य करतो. नियमाबद्दल अंतिम सामन्यात घोळ होणे अक्षम्य आहे. तरीही आशियातले सर्वांत आडदांड चौदा गडी, गळ्याशी आलेले सुवर्णपदक आणि संतापजनक गोंधळ, एवढे सगळे एकत्र असूनही मारामारी झाली नाही, कारण दाद मागायला टेबल होते, त्या टेबलामागे माणसे होती आणि उत्तर मिळेपर्यंत खेळ थांबणार हे सगळ्यांना ठाऊक होते.

शिक्षेविषयी थोडे. जानेवारी १९९१ मध्ये जमशेदपूरला दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्यात गोलंदाज रशीद पटेल यष्टी उपटून रमण लांबाच्या अंगावर धावून गेला. पटेलला १३ आणि लांबाला १० महिन्यांची बंदी झाली. २००८ मध्ये आयपीएलच्या पहिल्याच हंगामात मुंबईकडून खेळणाऱ्या हरभजनसिंगने मोहालीत सामन्यानंतर श्रीशांतला थप्पड मारली. त्याचे उरलेले ११ सामने गेले आणि त्यांचे मानधनही गेले. विशेष म्हणजे त्या थपडेचे चित्रण तेव्हा दाखवले गेलेच नाही. लोकांनी पाहिला तो रडणारा श्रीशांत, आणि प्रत्यक्ष थप्पड जगासमोर आली ती थेट २०२५ मध्ये. मला या दोन्ही शिक्षा योग्य वाटतात. व्यावसायिक खेळात पैसा आला म्हणून हिंसा वाढली असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की मैदानावर उघड केलेली हाणामारी आज जितकी महाग पडते तितकी ती पूर्वी कधीच नव्हती. ज्या खेळाडूला २०२३ च्या प्रो कबड्डीच्या लिलावात २ कोटी ६० लाखांहून अधिक बोली लागली, तो रागाच्या भरात लाल कार्ड घेण्याआधी दोनदा विचार करतो. त्याच्याभोवती दहा कॅमेरे असतात. मातीच्या मैदानावर रात्री साडेदहाला, एका हॅलोजनच्या उजेडात, चुन्याची रेषा निम्मी पुसलेली असताना खेळणाऱ्या पोराभोवती एकही नसतो.

मात्र पैसा एका प्रकारची हिंसा स्वस्तही करतो, आणि ती प्रेक्षकाला हिंसा वाटत नाही, म्हणून तिच्याविषयी लिहिणे अधिक गरजेचे आहे. एनएचएल हॉकीत ठोसे मारण्यासाठीच ठेवलेले खेळाडू असत. डेरेक बुगार्ड हा त्यांतला नावाजलेला. त्याने २७७ सामन्यांत गोल केले ३. तो २०११ मध्ये वयाच्या २८ व्या वर्षी वेदनाशामक गोळ्या आणि दारू यांच्या एकत्रित परिणामाने गेला, आणि त्याच्या मेंदूच्या तपासणीत डोक्याला वारंवार मार बसल्याने होणारा ऱ्हास आढळला. अमेरिकी फुटबॉलमध्ये न्यू ऑर्लिन्सच्या संघात २००९ ते २०११ या काळात प्रतिस्पर्ध्याला जायबंदी करणाऱ्याला रोख बक्षीस देण्याची पद्धत होती. उघडकीला आल्यावर प्रमुख प्रशिक्षकाला २०१२ चा अख्खा हंगाम निलंबित केले गेले. तिथे राग कुठेच नव्हता. तो पगाराचा भाग होता.

आपल्याकडे असे दरपत्रक नाही, पण दबाव आहे. कबड्डीपटूच्या गुडघ्यातले लिगामेंट ही या खेळातली सर्वांत महागडी वस्तू आहे. ते तुटले की शस्त्रक्रिया, मग कित्येक महिने व्यायाम, आणि तोवर हंगाम हातचा गेलेला. पूर्वी रेल्वे, बँका, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्र यांच्या संघांत जागा मिळाली की कायमची नोकरी लागे आणि गुडघा गेला तरी घर चालत राही. लालबाग-परळपासून जोगेश्वरीपर्यंतच्या कितीतरी चाळींत अशा नोकरीने एकेक कुटुंब वर आले. आता अनेक मुलांच्या हाती एका हंगामाचा करार असतो, किंवा तोही नसतो, नुसती त्याची आशा असते. मग निवड चाचणीच्या दिवशी सुजलेल्या गुडघ्याला पट्टी गुंडाळून मुलगा उतरतो, प्रशिक्षकाला ते दिसते, मंडळाच्या कार्यकर्त्याला दिसते, मला दिसते, आणि नियमपुस्तकात त्यासाठी कोणतेही कार्ड नसते. पंचाला लाथ मारली की सात दिवस चर्चा चालते, या गुडघ्यांवर एक दिवसही चालत नाही. आपण कशाला हिंसा म्हणायचे ठरवले आहे, त्याचा हा नमुना आहे.

खेळ पाहून मनातला राग निवळतो, असे एक जुने मत आहे. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या पोलिस नोंदींवरून २००२, २००६ आणि २०१० या फुटबॉल विश्वचषकांच्या काळाचा अभ्यास झाला आहे; इंग्लंडचा संघ जिंकला किंवा सामना बरोबरीत सुटला त्या दिवशी घरगुती अत्याचाराच्या नोंदी २६ टक्क्यांनी आणि हरला त्या दिवशी ३८ टक्क्यांनी वाढलेल्या आढळल्या. जिंकल्यावरही वाढ! मैदानावर त्या दिवशी एखादे पिवळे कार्डही निघाले नसेल. हिंसा खेळाडूंच्या बरगड्यांतून निघून स्वयंपाकघरात गेली होती.

आपल्याकडचे उदाहरण याहून जवळचे आणि माझ्या मते अधिक भयंकर आहे. मार्च २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावात टीव्हीवर मुंबई आणि हैदराबाद यांचा सामना चालू असताना रोहित शर्मा बाद झाल्यावर एका वयस्क गृहस्थांनी आनंद व्यक्त केला, म्हणून त्यांना मारहाण झाली आणि त्यात त्यांचा प्राण गेला. मारणारे मुंबईचे चाहते, मार खाणारे चेन्नईचे, आणि सगळे एकाच गावचे. ज्या रोहितसाठी हे झाले, तो ज्याच्याकडून बाद झाला त्याच्याशी सामना संपल्यावर हात मिळवून हॉटेलवर गेला असणार. त्याच आठवड्यात, १ एप्रिलला, वानखेडेवर हार्दिक पंड्याची हुर्यो इतकी जोरात चालली होती की नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना माइकवरून प्रेक्षकांना नीट वागा असे सांगावे लागले. रोहितऐवजी त्याला कर्णधार केले, एवढाच त्याचा अपराध. तीन महिन्यांनी, ४ जुलैला, विश्वचषक घेऊन संघ मरीन ड्राइव्हवरून त्याच वानखेडेवर आला तेव्हा त्याच्या नावाचा गजर झाला. हे मुंबईकरांच्या मोठ्या मनाचे लक्षण म्हणून तेव्हा बरेच लिहिले गेले. मला तसे वाटले नाही. शिव्या आणि जयजयकार यांत माणूस बदलला नव्हता, फक्त निकाल बदलला होता. आणि निकालावर माणसाची इज्जत ठरवायची सवय लागली की हिंसा केवळ संधीची वाट पाहत असते.

इथे मला पंचाच्या जागेवरून दिसणारी सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. आपल्या समाजात व्यवस्थेचा राग निकाल उच्चारणाऱ्या माणसावर निघतो. अपघात विभागात रुग्ण दगावल्याचे सांगायला बाहेर येणारा निवासी डॉक्टर, गाडी भरली म्हणून दार लावणारा बेस्टचा वाहक, कागद अपुरे आहेत म्हणणारा खिडकीवरचा कारकून आणि ‘चढाईपटू बाद’ म्हणून हात वर करणारा पंच, ही सगळी एका रांगेतली माणसे आहेत. खाटा कमी का, बस उशिरा का, मॅट ओली का, स्पर्धेला दुसरा कॅमेरा का नाही, याचा निर्णय घेणारे लोक त्या वेळी समोर नसतात. डॉक्टरांवरचे हल्ले इतके वाढले की महाराष्ट्राला २०१० मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. सरकारी कर्मचाऱ्याला लोकसेवक म्हणून संरक्षण असते. मंडळाच्या स्पर्धेतला पंच लोकसेवक ठरत नाही. त्याला प्रवासखर्च आणि किरकोळ मानधन मिळते, आणि स्थानिक संघ हरला की बक्षीस समारंभ उरकायच्या आत मागच्या गल्लीने स्टेशन गाठावे लागते. मुंबईतले बहुतेक पंच हा अनुभव हसत हसत सांगतात, आणि त्यांचे हे हसणे मला खटकते.

म्हणून आपल्या मुलाने ती चित्रफीत कौतुकाने दाखवली, याने मी गडबडून गेलो नाही. पंचाला मारणारा त्याला धीट वाटला, कारण पंच हा अन्याय करणारा एकटा माणूस म्हणून त्याच्यापुढे उभा केला गेला आहे. त्याला एखाद्या रविवारी सराव सामन्यात शिट्टी धरायला लावा. मित्रांचाच सामना असू द्या. दहा मिनिटांत दोन्ही बाजूंनी आरडाओरडा सुरू होईल आणि ढिगाखालचा घोटा रेषेच्या आत होता की बाहेर हे त्याला खरोखरच दिसलेले नसेल. चांगले प्रशिक्षक हे मुद्दाम करतात. त्यासाठी कोणत्याही व्याख्यानाची गरज पडत नाही.

मुलाला खेळात ठेवावे का, याचे माझे उत्तर ‘ठेवावे’ असे आहे, पण क्लब पाहून. सरावाला एकदा न सांगता जाऊन कडेला बसा. प्रशिक्षक शिट्टीनंतर हात सोडायला लावतो की नाही, ते पाहा. पकड चुकीची झाली आणि समोरचा कळवळला तर आधी त्याला उठवतात की आधी गुण मोजतात, ते पाहा. शिव्या कोण देतो आणि त्यावर कोण हसतो, हेही पाहा. पोरे सहसा प्रशिक्षकाकडे बघूनच हसतात. दुखापतीची वही आहे का, बर्फ आणि पट्टी कुठे ठेवतात, डोक्याला मार लागला तर त्या दिवशी खेळ बंद करतात का, हे थेट विचारा. डोक्याच्या बाबतीत ‘काही नाही हो, उठला लगेच’ असे उत्तर आले तर तो क्लब सोडा. नाव कितीही मोठे असो.

आणि कलम २५ मधली ती १८ वर्षांची अट. आपला मुलगा किशोर गटात आहे, म्हणजे त्याने स्वतः दिलेली संमती या कलमापुरती कामाची नाही. त्यामुळे क्लब जेव्हा आपल्यापुढे छापील संमतीपत्र ठेवेल, तेव्हा ते न वाचता सही करू नका. ‘कोणत्याही दुखापतीस क्लब जबाबदार राहणार नाही’ असे सरसकट वाक्य त्यात असेल तर ते खोडून ‘नियमानुसार खेळताना झालेल्या दुखापतीस’ असे लिहायला सांगा, विमा कोणत्या कंपनीचा आणि किती रकमेचा आहे हे त्याच कागदावर लिहून घ्या, आणि त्याची एक प्रत मागून घरी ठेवा.